धोंडू तांडेलाची होडी

थेंब होडीच्या नाळीवर, म्हणजे पुढच्या निमुळत्या टोकावर जमला, जड झाला आणि फळीवरून खाली घसरू लागला. पहिला सांधा त्याने सहज ओलांडला. दुसऱ्यावर तो जरा पसरला, पुन्हा एक झाला आणि पुढे आला. तिसऱ्या सांध्यापाशी मात्र दिसेनासा झाला. पलीकडच्या फळीवर उतरला नाही, आत गेला. सुभद्राने मागून येणारा दुसरा थेंब पाहिला. तोही तिथेच आत गेला.

गेल्या जानेवारीत थेंब हा सांधा ओलांडत होते. तिने तेव्हाही पाहिलं होतं. पाण्याबाहेर राहिलेलं लाकूड आकसतं, फळ्या एकमेकींपासून सुटतात, सांध्यात भरलेला कापूस आणि राळ सुकून गळते. वायरी गावच्या मुलांना हे शाळेत शिकवावं लागत नाही. तिने अंगठ्याचं नख सांध्यात घालून पाहिलं. नख आत गेलं.

तिने हात मागे घेतला आणि तिपाईवरच्या कॅमेऱ्याकडे गेली. धुकं दाट होतं. किल्ला नव्हता, माडांचे शेंडे नव्हते. पाण्यात नांगरलेल्या होड्यांपैकी जवळच्या दोन दिसत होत्या, आणि त्यांच्यामागे आणखी काही आहेत एवढंच कळत होतं.

“काय गो बाय, इलो काय फोटो?”

आवाज आधी आला, माणूस नंतर. लवूकाका डोक्याचा पंचा सारखा करत धुक्यातून बाहेर आला. तिच्या वडिलांच्या होडीवर त्याने उमेदीची सगळी वर्षं वल्हं मारलं होतं. आता तो बाळा तांडेलाच्या होडीवर जात असे.

“नाय अजून.”

“दोन वर्सां झाली. चेडू झालां असतां तर एव्हाना चलाक लागलां असतां.”

“धुकां बरां पडूक नाय, काका.”

“ह्यां बरां नाय? माका माजे पाय दिसणत नाय!”

ती हसली. तोही हसला आणि होडीच्या कडेला जाऊन उभा राहिला. होडीवर हात मात्र ठेवला नाही. कुणीच ठेवत नसे.

इथला रिवाज असा होता की तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, गेला की त्याची होडी ओढून वर ठेवायची. मग त्याच्या घरच्या माणसाने नाळीवर तळहात ठेवून मोठ्याने बोलायचं: अमक्या तांडेलान ठेवल्यान, आता तमक्या तांडेलान घेवची. जुन्याचं नाव एकदा, नव्याचं नाव एकदा. मग नारळ फुटतो आणि होडी पाण्यात जाते. घरचं माणूस बोललं नाही तर कुणी जबरदस्ती करत नाही. फक्त त्या होडीत कुणी बसत नाही.

धोंडू तांडेलाच्या घरचं माणूस म्हणजे त्याची मुलगी सुभद्रा. आई ती लहान असतानाच गेली होती आणि दुसरं भावंड नव्हतं. नव्या तांडेलाचं नाव काय असणार याबद्दल वायरीत कुणाच्या मनात शंका नव्हती, तिच्याही नाही. तरीही दोन वर्षं ती बोलली नव्हती. विचारणाऱ्याला ती सांगे, होडीचा एक नीट फोटो काढायचाय. तो आला की बोलेन.

“येदी शिकलंस,” लवूकाका म्हणाला, “पोरांका धडे सांगतंस, आणि धा शबुद बोलाक येणत नाय.”

“येतत. आधी फोटो.”

“फोटो काय दर्यात पोवतलो?”

तेवढ्यात पाण्याकडून त्याला हाक आली आणि तो गेला. धुकं चारपाच पावलांत त्याच्यावर मिटलं. सुभद्राने त्या दिवशी एक फोटो घेतला. तोही राखाडी येणार हे तिला कळत होतं.

*

कॅमेरा जुना, घडीच्या भात्याचा होता. धोंडू तांडेल तरुणपणी मुंबईला माल नेणाऱ्या गलबतांवर होता, तेव्हा त्याने तो एका गोवेकर खलाशाकडून घेतला होता. त्याने स्वतः त्यातून एकही फोटो काढला नाही. सुभद्रा कोल्हापूरच्या कॉलेजात रसायनशास्त्र शिकायला गेली तेव्हा त्याने तो तिच्या ट्रंकेत ठेवला. “तुझ्या रसायनाच्या कामाक येयत,” म्हणाला. फिल्म धुणं, कागदावर छाप घेणं ती तिथेच शिकली. परत आल्यावर तिने माजघरामागच्या अडगळीच्या खोलीत खिडकीला काळं कापड ठोकलं, कंदिलाला लाल काच बसवली. विहिरीचं पाणी मचूळ, म्हणून पावसाचं पाणी भरून ठेवलं. ॲसिड लागे तिथे ती ख्रिस्तीवाड्यातून आणलेला माडीचा शिरका, म्हणजे व्हिनेगर, वापरी. त्या खोलीत गेलं की धोंडू बाहेरून विचारी, “लोणचां घालतंस काय गो?”

शेवटच्या आजारात तो ओटीवर पडून असे. थंडीचे दिवस होते, रोज धुकं यायचं. एका सकाळी त्याने विचारलं, “धुक्यात आमची होडी लांबसून कशी दिसता गो? जल्मभर मी होडयेतच. माका कधी दिसाकच नाय.”

ती कॅमेरा घेऊन किनाऱ्यावर गेली. लवूकाकाने होडी पाण्यात थोडी लांब नेली. तिने फोटो घेतला, संध्याकाळी फिल्म धुतली, दुसऱ्या दिवशी छाप बाबांच्या हातात दिला. छाप इथून तिथवर राखाडी होता. धुक्यात प्रकाश पाण्याच्या बारीक कणांवर आपटून सगळीकडे विखुरतो. सावली पडत नाही, आणि सावली नाही तर वस्तूला कड राहत नाही. तिला हे माहीत होतं. तरी हिशेब चुकला होता.

धोंडूने छाप डोळ्यांजवळ धरला.

“होय. बरोबर इली.”

“बाबा, कायच दिसणा नाय.”

“धुक्यात काय दिसता? अशीच दिसता.” त्याने कागदाच्या डाव्या बाजूला बोट ठेवलं. “हंय आसा ती. बारीक बघ.”

नंतर तिने भिंग लावून पाहिलं. बोट ठेवलेल्या जागी काही नव्हतं. पुढचा फोटो घेण्याआधीच बाबा गेले.

त्यामुळे एक फोटो देणं राहिलं होतं, असं ती स्वतःला सांगे. ते खोटं नव्हतं. पण खरं कारण दुसरं होतं आणि ते तिला बाजारात कळलं होतं. शाळेतून येताना दुकानदाराने सहज विचारलं, “धोंडू तांडेलाची होडी अजून वरच आसा मां?” आणि तिला बरं वाटलं. होडीवर रंगाने लिहिलेलं नाव देवीचं असतं, पण ते कुणी घेत नाही. होडी ओळखली जाते ती तांडेलाच्या नावाने. बाळा तांडेलाची होडी इली, बाळा तांडेलाची होडी गेली, असं दिवसातून कितीदा तरी किनाऱ्यावर ऐकू येतं. घरात बाबांचं नाव घ्यायला दुसरं कुणी नव्हतं. शाळेत ती बाई होती. होडी पाण्यात गेली की दुसऱ्या दिवसापासून ती लवू तांडेलाची होडी होणार, आणि धोंडू हा शब्द किनाऱ्यावर कुणाला लागणार नव्हता. त्या नावाचा अगदी शेवटचा उच्चार तिच्याच तोंडून व्हायचा होता.

*

संक्रांत झाल्यावर एका सकाळी ती किनाऱ्यावर आली तेव्हा होडी काळीभोर दिसली. जवळ जाताच काजूच्या टरफलांच्या तेलाचा उग्र वास आला. लवूकाका वाळूत उकिडवा बसून हात चोळून चोळून पुसत होता. त्याची बायको मथुराकाकी माशांची रिकामी टोपली उपडी घालून तिच्यावर बसली होती.

“ह्यां काय केलास?” सुभद्राने विचारलं.

“फोटो काढूचो म्हटल्यावर तोंडाक पावडर नको?” लवूकाका म्हणाला. “आतसून भायरसून लावलंय. होडयेत बसाक नाय हां. बोळो काठयेक बांधलंय आणि उभ्या उभ्या लावलंय.”

“लग्नात माका येदां तेल कोणी लावूक नाय,” मथुराकाकी म्हणाली.

“तुका लावचां लागला नाय. तू आधीच काळी.”

“बघलंस गो बाय? आणि ह्येंका फोटोत येवचां आसा!”

सुभद्राने होडीकडे नीट पाहिलं. तेल तिसऱ्या सांध्यात जास्त ओतलेलं होतं. कापूसही नवा चेपलेला होता, घाईने, बोटाने. फोटोसाठी कुणी सांध्यात कापूस भरत नाही. तिला ते कळलं हे लवूकाकालाही कळलं, आणि त्याने दुसरीकडे पाहिलं.

“इतक्यान काय दोन वर्सां जावची नाय,” तो वाळूला सांगावं तसं म्हणाला. “एक पावसाळो काढीत. फुडे लाकूड.”

 मथुराकाकीने उठून टोपली झटकली आणि नवऱ्याला म्हणाली, “सांगा मगे तिका. सांगूक म्हणान इलास, आणि तेलच लावीत बसलास.”

“काय?” सुभद्राने विचारलं.

“शिवरात्रीक कुणकेश्वराक जावन येतंव,” लवूकाका म्हणाला. “आणि मगे बोटीन मुंबैक. झिलान बोलवल्यान हा. गोदीत वॉचमनाचां काम आसा.”

“तुमी आणि वॉचमन?”

“वॉचमनाक काय येवूक व्हया? जागो रवाक व्हया. तां माका येता.”

“जागे रवतले!” मथुराकाकी म्हणाली. “वल्ह्यार हात ठेवन झोपतत ते. बाळा तांडेल सांगता.”

“दुसऱ्याच्या होडयेर झोप येता गो,” लवूकाका म्हणाला. ते त्याने चेष्टेतच म्हटलं, पण म्हटल्यावर कुणी हसलं नाही.

सुभद्राने विचारलं, “परत कधी येतलास?”

“बघूया.”

तो उठला. जाताना होडीभोवती एक फेरी मारून त्याने तेल कुठे लागायचं राहिलंय का ते पाहिलं. सुभद्राला त्याच वेळी बोलता आलं असतं. तिने तोंड उघडलंही होतं. पण ती म्हणाली ते असं: “धुकां पडलां की मी येतंय. ह्या खेपेक नीट येतलो फोटो.”

“येवंदे,” लवूकाका म्हणाला.

*

पुढचे दिवस स्वच्छ गेले. सुभद्रा पहाटे उठून दार उघडी, किल्ल्याची तटबंदी लख्ख दिसे, आणि दार ढकलून ती चुलीपाशी येई. शाळेत तिने मुलांना भिंगाचा धडा शिकवला. घरी आल्यावर ओटीवर बसून तिने आतापर्यंतच्या छापांकडे पाहिलं. सगळ्यांत चूक एकच होती. पाण्यातल्या होड्या हलतात म्हणून तिने दर वेळी कॅमेऱ्याची झडप पटकन मिटवली होती. प्रकाश पुरला नव्हता. जवळचं आणि लांबचं दोन्ही नीट यायचं तर लेन्सचं छिद्र अगदी बारीक ठेवावं लागेल, आणि मग झडप कितीतरी वेळ उघडी ठेवावी लागेल. हे तिला पहिल्याच वर्षी सुचायला हवं होतं. कदाचित सुचलंही असेल.

शिवरात्र आठवड्यावर आली तेव्हा एका सकाळी धुकं उतरलं. दार उघडलं तर अंगणातली तुळसही अर्धीच होती. ती तिपाई घेऊन निघाली.

तिने तिपाईचे पाय वाळूत खोल रोवले. समोर, डाव्या हाताला, वर ओढलेली होडी. तिच्या पलीकडे पाणी आणि नांगरलेल्या होड्या. लेन्सवरचं दव पदराने टिपलं, छिद्र बारीक केलं, झडप उघडली आणि मनात आकडे मोजायला लागली.

मोजणं चालू असताना माणसं आली. बाळा तांडेलाचे गडी जाळं खांद्यावर घेऊन तिच्यासमोरून पाण्याकडे गेले. त्यांच्यामागून लवूकाका होता. “काय गो बाय!” त्याने हाक मारली. तिने मान हलवली, बोलली नाही. आकडा चुकला असता. तो वळून होडीपाशी गेला. तेल कसं बसलंय ते वाकून पाहिलं, नाळीपासून मागच्या टोकापर्यंत चालत गेला, पलीकडून फिरून आला. मग पाण्यात उतरला, आणि वल्ह्यांचा आवाज झाला. होड्या नांगराला ओढ देत वरखाली होत होत्या. सुभद्रा मोजत राहिली. मोजून झाल्यावर तिने झडप मिटवली. किनाऱ्यावर ती एकटीच होती.

संध्याकाळी तिने फिल्म धुतली. दुसऱ्या दिवशी रविवार होता. दुपारी फिल्म वाळल्यावर ती अडगळीच्या खोलीत गेली, फिल्म आणि कागद दोन काचांमध्ये दाबून लाल काच काढलेल्या कंदिलासमोर धरले, काच परत लावली आणि कागद रसायनाच्या बशीत सोडला. लाल उजेडात होडी हळूहळू वर आली. आधी नाळ, मग फळ्या, मग फळ्यांवरचे खिळे, एकेक. तिसऱ्या सांध्याची बारीक काळी रेघसुद्धा आली. इतका स्वच्छ फोटो तिने आजवर काढला नव्हता.

कागदाचा बाकीचा भाग ती बराच वेळ पाहत राहिली. मग छाप पक्का करायला हायपोच्या द्रावणात टाकला, धुतला, आणि ओला असतानाच काचेवर चिकटवून तशीच लवूकाकाच्या घरी निघाली.

मथुराकाकी अंगणात सुके बांगडे उलटत होती. पडवीत एक ट्रंक उघडी पडली होती. लवूकाकाने हात धोतराला पुसून काच दोन्ही हातांनी घेतली.

“आयशप्पत! खिळे बघ गो हेचे. मथुरा, खिळे बघ!”

“बघतंय. पावडरीचो उपेग झालो.”

लवूकाकाने काच उजेडाकडे तिरकी केली. मग जवळ आणली, मग लांब धरली.

“हेतूर मी खंय?”

सुभद्रा त्याच्या शेजारी येऊन उभी राहिली.

“मी होतंय मगे थंय. तुका हाक मारलंय. होडयेक फिरान इलंय. आणि बाळाचे सगळे गडी... ते खंय गेले?”

“जो हलता तो उमटणा नाय, काका. झडप लय वेळ उघडी होती. तुमी चलत होतास.”

“आणि ह्यो होडयो? ह्यो धुरासारख्यो कित्या?”

“त्यो पाण्यात हलत होत्यो.”

“म्हणजे एकच इली.”

“एकच गप होती,” सुभद्रा म्हणाली.

मथुराकाकीने पुढे वाकून फोटो पाहिला. मग नवऱ्याकडे पाहिलं, आणि पुन्हा बांगड्यांकडे वळली.

“बरां झालां,” ती म्हणाली. “शिवरात्रीनंतर जावचे होते. ते आत्तांच गेले.”

तिच्या बोलण्यात नेहमीचा टोमणाच होता. पण बोलताना तिचे हात थांबले होते. लवूकाका हसायला गेला आणि हसला नाही. काच परत देताना म्हणाला, “फोटो बरो इलो, बाय. धोंडून बघूक व्हयो होतो.” आणि ट्रंकेपाशी जाऊन तिच्यातलं काहीतरी उगाच सारखं करू लागला.

सुभद्रा घरी आली. काच ओटीवर ठेवली आणि आतून जुना राखाडी छाप आणून शेजारी ठेवला. एकात फक्त होडी होती, आणि ती वाळूवर होती. दुसऱ्यात काही नव्हतं. पण तो घेतला तेव्हा होडी पाण्यात होती, लवूकाका वल्हं मारत होता, आणि ओटीवर बाबा वाट पाहत होते. बाबांनी जिथे बोट ठेवलं होतं तिथे तिने बोट ठेवलं. अंधार पडेपर्यंत ती तिथेच बसून होती. दिवा लावायला उठली तेव्हा फोटो वाळून काचेवरून आपोआप सुटला होता.

*

सोमवारी सकाळी धुकं होतंच. शाळेला अवकाश होता. ती किनाऱ्यावर गेली तेव्हा गडी जाळं होडीत भरत होते. लवूकाकाने तिला पाहिलं आणि सवयीने तिच्या खांद्याकडे नजर टाकली.

“कॅमेरो खंय?”

“घराक.”

“ह्या धुक्यात? तू म्हणा होतंस मां, बरां धुकां पडाक व्हया...”

“काका, हडे येवा.”

ती चालत होडीपर्यंत गेली. तो दोन पावलं मागे होता. नाळीवर थेंब जमले होते, तेलावरून खाली सरकत होते. ती काय करणार आहे ते त्याला कळलं तेव्हा तो थांबला आणि त्याने डोक्याचा पंचा काढून हातात घेतला. पाण्याजवळचे आवाज एकेक करून बंद झाले. धुक्यामुळे तिला तिकडची माणसं दिसत नव्हती, पण ती तिथे उभी आहेत हे कळत होतं.

तिने नाळीवर उजवा तळहात ठेवला. लाकूड गार आणि ओलं होतं. रिवाजाप्रमाणे हे मोठ्याने बोलायचं असतं, किनाऱ्यावर असेल त्या सगळ्यांना ऐकू जाईल असं.  शाळेत सकाळी हजेरी घेताना वर्गाच्या मागच्या भिंतीकडे पाहून नाव उच्चारायची तिला सवय होती. तिने समोर पाहिलं. समोर नुसतं पांढरं होतं.

“धोंडू तांडेलान ठेवल्यान,” सुभद्रा म्हणाली. नाव पूर्ण उच्चारलं, प्रत्येक अक्षर. मग श्वास घेतला. “आता लवू तांडेलान घेवची.”